बूट शिवायचे आहेत, पण सामान कुठून आणू?

नमस्कार भाऊ,

मी राळेगाव तालुक्यातला, वय २९. बाबा आठवडी बाजारात चपला-जोडे दुरुस्त करतात. आजोबा वहाणा करायचे, विहिरीची मोटही शिवायचे. मी काही वर्षं पुण्याकडे बॅगांच्या कारखान्यात शिलाईवर होतो, आता गावी परतलो. शेतकऱ्यांसाठी आणि जंगलात ड्युटी करणाऱ्यांसाठी घोट्याच्या वरपर्यंत येणारे, हाताने शिवलेले, सोल बदलता येईल असे बूट करायचं मनात आहे. यूट्यूबवर पाहतो तर कारागिराच्या मागे भिंतभर हत्यारं. इथं त्यातलं काहीच दिसत नाही. नागपुरात विचारलं तर कोणी रेक्झिन पुढे करतो, कोणी म्हणतो अख्खी खेप घ्या. ऑनलाइन हाताने फिरवायची शिलाई मशीन दिसते, ती घेऊ का? की कर्ज काढून मोठी मशीन घेऊ? चामडं, फर्मे, सोल कुठून आणू, जरा नीट सांगा.

— एक वाचक, जि. यवतमाळ

भाऊ, तुमच्या पत्रात मशीन दोनदा आली आणि फर्मे एकदाच, तेही चामडं आणि सोल यांच्या मधे. मी हा क्रम उलटा करायला सांगणार आहे. मशीन नसली तरी बूट होतो, फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, नसला तर होत नाही. गाठीशी जो पैसा आहे तो आधी फर्म्यांत घाला, मग चामड्यात. हत्यारं निम्मी तुमच्या बाबांच्या पेटीत आहेत. मशीनचं नंतर बघू.

पण फर्मे घ्यायला निघण्याआधी गावातले पाय मोजा. हे काम फुकटचं आहे आणि याच्याशिवाय केलेली खरेदी वाया जाते. आपल्याकडचा शेतात राबणारा पाय पंजाकडे पसरट असतो, बोटं मोकळी असतात, कारण त्याने आयुष्यभर चप्पल घातली किंवा अनवाणी काढलं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यातही हेच दिसलं की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात. बाजारातले बहुतेक फर्मे मात्र परदेशी मापांवरून उतरलेले. त्यावर केलेला बूट करंगळीला चावतो, मग माणूस एक नंबर मोठा घेतो, आणि टाच आत खेळू लागते.

मोजायचं संध्याकाळी, माणूस शेतातून आल्यावर. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो, आणि बूट त्याच पायाला घालायचा असतो. जाड मोजा घालायला सांगा, कागदावर उभं करा. दोन्ही पायांवर सारखा भार हवा, नाहीतर पाऊल अरुंद उमटतं. पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ काढा. मग शिंप्याच्या टेपने पंज्याचा सगळ्यात रुंद घेर, त्यामागे पावलाच्या उंचवट्याचा घेर, टाचेपासून पायाच्या वाकापर्यंतचा (पाऊल आणि नडगी मिळतात तिथपर्यंतचा) तिरका घेर आणि घोट्याच्या वरचा घेर घ्या. दोन्ही पायांचे घ्या, सारखे नसतात. त्याच कागदावर नाव आणि कुठं कुरूप आहे, कुठं हाड वर आलंय, ते लिहून ठेवा. वीस-पंचवीस माणसांचे असे कागद झाले की कोणते तीन नंबर सगळ्यात जास्त लागतात ते आपोआप कळेल. तेवढ्याच तीन नंबरांचे फर्मे घ्या. इंग्लिश नंबरात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, फ्रेंच नंबरात त्याहून कमी, ६.६७ मिलिमीटर. दुकानदाराशी बोलताना कोणता नंबर चाललाय ते आधी पक्कं करा.

फर्म्यांसाठी आग्र्याला जा. देशातला बुटांचा मोठा व्यवहार तिथे आहे, आणि हिंग की मंडी या भागात बुटाला लागणारं बारीकसारीक सगळं मिळतं: फर्मे, सोल, इनसोलचा (आतल्या तळाचा) बोर्ड, आयलेट (नाडीच्या भोकांच्या कड्या), नाड्या, टाचेचे कडक तुकडे, दोरा. तुम्हाला जाणं अवघडही नाही. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग सेवाग्राम, हिंगणघाट, चंद्रपूर, बल्लारशा असा आपल्याच दारातून जातो आणि आग्रा त्याच मार्गावर आहे. फोनवर मागवू नका. पहिली खेप तरी हातात धरून घ्या.

दुकानात गेल्यावर ‘बुटाचा फर्मा’ असं स्पष्ट म्हणा. साध्या शूजचा फर्मा वाकाला चपटा असतो, त्यावर घोट्यापर्यंतचं अप्पर, म्हणजे बुटाचा सोलच्या वरचा चामडी भाग, नीट बसत नाही. फर्मा मधे कब्जा असलेला, म्हणजे मुडपणारा हवा. अखंड फर्मा उंच बुटातून बाहेर काढताना टाचेची शिलाई उसवते. लाकडी जुने फर्मे दिसायला देखणे असतात, पण तुमच्या कामाला प्लास्टिकचे बरे: पावसाळ्यात फुगत नाहीत, उन्हाळ्यात चिरत नाहीत, चुका (बारीक खिळे) धरून ठेवतात. फॅशन बदलली की कारखान्यांना जुने फर्मे नकोसे होतात. तसे वापरलेले मिळाले तर जरूर घ्या. फक्त उजवा-डावा एकाच जोडीचा आहे ना, दोन्हींवर एकच नंबर आणि एकच मॉडेल कोरलंय ना, तळ चुकांनी पार कुरतडलेला नाही ना, हे तिथेच पाहा. रुंद पंजाचा मागा. तुमचे मापाचे कागद सोबत न्या आणि टेप लावून घेर जुळवा. फर्म्याची लांबी पावलापेक्षा दीड ते दोन सेंटिमीटर जास्त असायला हवी, बोटांपुढची मोकळी जागा त्यातच येते.

घेर थोडा कमी भरला तर घाबरू नका. फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून, कडा घासून सपाट करून तो वाढवता येतो. कोणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं असेल तर नेमक्या त्या जागी तुकडा चढवायचा, बूट झाला की काढून टाकायचा. कारखान्याचा बूट स्वस्तात तुमच्या पुढे राहीलच, पण हे तो करू शकत नाही. एक पाय मोठा-एक लहान, नंबर बाराचा पाय, पोलिओचा पाय, असे गिऱ्हाईक दहा गावांत मिळून बरेच निघतात आणि त्यांना आजवर कोणी धड बूट दिलेला नाही. त्यांच्यासाठी तुम्ही हे काम करावं असं मला मनापासून वाटतं.

आता चामडं. बुटाला तीन वेगळी चामडी लागतात, एकाच तुकड्यात भागवायला जाऊ नका. अप्परला १.८ ते २.२ मिलिमीटर जाडीचं क्रोम पद्धतीने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं घ्या, ते पाणी आणि घडी सहन करतं. अस्तराला शेळीचं पातळ, साधारण एक मिलिमीटरचं. इनसोल, टाचेचा कडक भाग आणि चामडी सोल यांना मात्र झाडाच्या सालीने कमावलेलं, तेच ज्यात बाभळीची साल आणि हिरडा वापरतात आणि ज्याच्या कोल्हापुरी होतात. इनसोल साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, सोल पाचच्या आसपास. अप्परचं चामडं चौरस फुटावर विकतात, सोलचं बहुधा किलोवर. घोट्यावरच्या एका जोडीला कटाई धरून चार ते पाच चौरस फूट अप्पर जातं. अर्ध्या म्हशीच्या पानात, म्हणजे अर्ध्या कातड्यात, त्या हिशेबाने तीन-चार जोड्या सहज बसतात, त्यामुळे ‘अख्खी खेप घ्या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि जो एक पान देतो त्याच्याकडे जा.

मुंबईत धारावीला सायन-वांद्रे लिंक रोडवर चामड्याची दुकानं आहेत, तिथे एक-एक पान निवडून घेता येतं. बूट-चपलांच्या सुट्या सामानासाठी चेंबूरजवळची ठक्कर बाप्पा कॉलनी. दक्षिणेकडे जाणं झालं तर चेन्नई सेंट्रल स्टेशनला लागूनच पेरियमेट आहे, चामड्याच्या व्यापाऱ्यांचा जुना भाग. जाड, सोलच्या कामाचं चामडं कानपूरकडे चांगलं मिळतं, कारण तिथे घोड्याच्या खोगिराचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण सुरुवातीला एवढी भटकंती नको. आग्रा एकदा, धारावी एकदा, पुरे.

नागपुरात तुम्हाला रेक्झिन दाखवलं, ते ओळखणं सोपं आहे. फसवणूक होते ती दुसऱ्याच मालात: चामड्याचा खालचा थर घेऊन त्यावर प्लास्टिकची कातडी चढवलेली असते. विकणारा ‘अस्सल चामडं’ म्हणतो आणि ते पुरतं खोटंही नसतं. म्हणून कापलेली कड उजेडात धरा. अस्सल वरच्या थराच्या चामड्यात तंतू खालून वर जाताना घट्ट-घट्ट होत जातात आणि पृष्ठभागात विरून जातात, मधे रेघ नसते. थर चढवलेला असेल तर कडेला वर वेगळी, चकचकीत पापुद्र्यासारखी रेघ दिसते आणि नखाने ती सुटते. मग पान उलगडून पोटाकडचा भाग दोन बोटांत धरून आत दुमडा. वर मोठ्या सैल सुरकुत्या उठल्या तर तो भाग बुटाच्या पुढच्या वळणाला वापरायचा नाही, जिभेला किंवा आतल्या कामाला ठेवायचा. पाठीचा भाग दाट असतो, पंजावर तोच लागायला हवा. गोचिडीचे खड्डे आणि काट्याचे ओरखडे उन्हात तिरकं धरल्यावर दिसतात, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. पान घेऊन दाराशी या, लाज बाळगू नका.

साल-कमावणीचं आहे की क्रोमचं, याची शंका असेल तर एक बारीक तुकडा ओला करून त्यावर गंजका खिळा थोडा वेळ ठेवा. सालीचं असेल तर काळा-निळा डाग पडतो, कारण सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र येतात. हाच धडा घरीही लक्षात ठेवा: बोअरच्या पाण्यात लोखंड असेल तर इनसोल त्यात भिजवू नका, डाग पडतील. पावसाचं किंवा गाळलेलं नदीचं पाणी वापरा, आणि लोखंडी घमेल्याऐवजी प्लास्टिकची बादली.

बिल घ्यायचंच. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या आणि शेळीच्या चामड्याला ती लागू नाही. बिलावर ‘म्हैस’ किंवा ‘शेळी’ आणि ‘तयार चामडं’ असं स्वच्छ लिहून घ्या, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रस्त्यात कोणी गाठोडं उघडायला लावलं तर कागद हाताशी हवा. आणि गावातच कातडं कमावू का, असा विचार मनात येत असेल तर तूर्त सोडा. तो वेगळा धंदा आहे, महिनोन्‌महिने घेतो आणि पाण्याची घाण करतो.

हत्यारांना मी फार शब्द खर्चणार नाही. रापी, आरी, ऐरण, हातोडी, कानस, कातर बाबांकडे आहेतच. चामडं पातळ करायला आणखी एक धारदार रापी हवी, ती फॅब्रिकेशनवाल्याकडच्या पॉवर हॅक्सॉच्या मोडक्या पात्यापासून होते. त्याला सांगा घासताना पातं निळं पडू देऊ नको, पाण्यात बुडवत राहा. वाकडी आरी गावचा लोहार करून देईल, त्याला नमुना दाखवा. विकत घ्यावं असं एकच हत्यार आहे, अप्पर फर्म्यावर ओढायची, मागे हातोडीचं डोकं असलेली पकड. ती आग्र्यात घ्या, साध्या पकडीने चामडं फाटतं. दोऱ्याला मेण आणि राळ एकत्र वितळवून लावा. दोन्ही आपल्याकडच्या बाजारात मिळतात. उन्हाळ्यात राळ कमी आणि मेण जास्त, नाहीतर दोरा हाताला चिकटतो. सुईऐवजी पूर्वी डुकराचा राठ केस लावायचे, आता मासेमारीचा जाड तंगूस चालतो. पावलाच्या कमानीखाली जी ताठ पट्टी बसवतात तिच्यासाठी बुरुडाकडून जून बांबूची चीप तासून घ्या. बारीक चुका, सँडपेपर, सोल्यूशनचे डबे नागपूरच्या इतवारीत घाऊक मिळतात.

सोलबद्दल मात्र थोडं थांबतो. तुमच्या गिऱ्हाइकाला काळ्या मातीत चालायचंय आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या), तुरीच्या कापलेल्या खुंटांवरून जायचंय. खोल नक्षीचा सोल दिसायला दणकट असतो, पण आपल्या भरकाळ्या रानात पहिल्याच पावसात खाचा मातीने भरतात आणि एकेका पायाला किलोभर चिखल लागतो. उथळ, मोकळ्या नक्षीचा, दाट रबराचा सोल घ्या. फोमसारखे हलके सोल खुंट आरपार सोडतात. टायरचा सोल तुमच्या बाबांना माहीत असेलच. तो उत्तम, फक्त नायलॉनच्या टायरचा घ्या. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात, झिजल्यावर त्या पायात घुसतात. कापताना रापीला पाणी लावत राहा, रबर लोण्यासारखं कापलं जातं.

सोल बदलता यायला हवा म्हणता, तर वेल्टच्या, म्हणजे अप्पर आणि सोल जोडणाऱ्या काठाच्या चामडी पट्टीच्या, मागे आत्ता लागू नका. अप्परची कड आत वळवण्याऐवजी बाहेर वळवा, खाली चामड्याचा मधला तळ ठेवा आणि दोन्ही काठाने हाताने शिवून टाका, इंचाला पाच-सहा टाके. बाहेरचा रबरी सोल त्या मधल्या तळाला चिकटवायचा आणि काठाने शिवायचा. झिजला की तो तेवढाच निघतो. सामान कमी लागतं, पाणी आत कमी शिरतं, आणि तळ शिवायची बाबांची सवय जशीच्या तशी कामी येते. हे हातात बसलं की वेल्ट अवघड जात नाही.

सोल्यूशन मे महिन्यात दुपारी लावू नका. ४५ अंशांत वरची साय धरते आणि आत ओलं राहतं. पहाटे लावा. जुलैत सर्द हवेत चिकटवलेला सोल सुटतो, तेव्हा दोन्ही बाजू आधी शेगडीजवळ कोमट करून घ्या, मात्र डबा आणि शेगडी यांच्यात भरपूर अंतर ठेवा, तो वास पेट घेतो. दार-खिडकी उघडी, जवळ विडी नाही, लहान मूल नाही. ओलं अप्पर फर्म्यावर चढवलं की सावलीतच वाळवा. आपलं ऊन त्याला एका दिवसात तडकवतं.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायची. हा बूट फवारणीला नाही. चामडं औषध पितं आणि धुऊन जात नाही. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. फवारणीला रबरी गमबूटच. तसंच घोट्यावरचा बूट सापाचा धोका कमी करतो, कारण दंश बहुधा पावलाला आणि घोट्याजवळ होतो, पण ‘साप चावतच नाही’ असं म्हणून विकू नका.

मशीन. बॅगांच्या कारखान्यात तुमचा हात शिलाईवर बसलाय, हे मोठं भांडवल आहे. अप्परचे तुकडे मागची शिवण घालण्याआधी सपाटच असतात, त्यामुळे बरीच शिलाई कोणत्याही जाड कामाच्या सपाट मशीनवर होते. तालुक्याच्या गावात सीट कव्हर शिवणाऱ्याकडे अशी मशीन असते, त्याच्याकडे तासावर काम करून घ्या. सुई चामड्याची, चपट्या टोकाची लावा. तुम्ही पाहिलेली हाताने फिरवायची मशीन वाईट नाही. अरुंद लांब हातामुळे ती बुटाच्या आत शिरते आणि बाबांच्या दुरुस्तीलाही उपयोगी पडेल. पण तिचं बीड (ओतीव लोखंड) ओबडधोबड येतं, दोरा जिथे-जिथे जातो तिथला खरखरीतपणा घासून काढावा लागतो, आणि बॉबिन इवलीशी असते. दहा-बारा जोड्या विकल्यावर घ्या.

कर्ज तर आत्ता मुळीच काढू नका. आधी पीएम विश्वकर्मा योजनेत नोंद करा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकाम, पादत्राणांचं काम आहे. नोंदणी सीएससी (सामायिक सेवा) केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्या काळात रोज ५०० रुपये, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करायचा की बाबांच्या, हे घरात बसून ठरवा. माझं मत तुमच्या नावाने, कारण पुढची वर्षं तुम्ही काम करणार आहात. बाबांना गटई कामगार (रस्त्याकडेला जोडे दुरुस्त करणारा) म्हणून पत्र्याच्या स्टॉलची योजना समाजकल्याण कार्यालयात वेगळी विचारता येईल. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या यवतमाळच्या कार्यालयातही एक चक्कर टाका. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मूळ प्रतींसह सोबत असू द्या, आणि प्रशिक्षण कुठं आहे ते कर्जाच्या आधी विचारा.